कटऑफ एक नसतो : सरकारी भरतीची यादी कशी बनते

निकालाच्या संध्याकाळी नाशिकच्या गंगापूर रोडच्या अभ्यासिकांबाहेर, चहाच्या गाडीवर एकच प्रश्न फिरत असतो, ‘कटऑफ कितीला लागला?’ कोणी म्हणतं १६८, कोणी १५४, तिसरा मोबाइल पुढे करून १४२ दाखवतो आणि वाद सुरू होतो. तिघंही खरं बोलत असतात. कटऑफ म्हणजे निवड झालेल्या शेवटच्या उमेदवाराचे मार्क, आणि एकाच पदाच्या एकाच निकालात असे कितीतरी कटऑफ असतात. त्यातला आपल्याला लागू होणारा कोणता, हे बऱ्याच मुलामुलींना परीक्षा देऊन झाल्यावरही ठाऊक नसतं.

मी नोकरीतली बरीच वर्षं नाशिकमधल्या एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत काढली. भरतीची मागणीपत्रं तयार केली, याद्या तपासल्या, कागदपत्र पडताळणीच्या, म्हणजे मुलं ज्याला ‘डीव्ही’ म्हणतात त्याच्या टेबलावर बसले. मार्क पुरेसे असूनही परत जावं लागलेली मुलं मी त्या टेबलावर पाहिली आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांचं अभ्यासात काहीच चुकलं नव्हतं. अभ्यास कसा करावा हे सांगणारे नाशिकमध्ये पुष्कळ आहेत. जाहिरात निघायच्या आधीपासून नेमणुकीचं पत्र हातात पडेपर्यंत कार्यालयात काय काय मोजलं जातं, ते मात्र कोणी बसवून सांगत नाही. ते मी सांगते.

सुरुवात जागेपासून करू. एखाद्या संवर्गात, म्हणजे एका पदाच्या गटात, शंभर मंजूर पदं आहेत असं धरा. त्यातली वीस रिकामी झाली. आता या वीस जागा कोणत्या प्रवर्गाला किती, हे कोण ठरवतं? साहेब ठरवत नाहीत, मंत्रीही नाहीत. ते बिंदुनामावली ठरवते. प्रत्येक पदाला क्रमांक दिलेली ही एक नोंदवही असते आणि कोणता क्रमांक कोणत्या प्रवर्गाचा हे आधीच ठरलेलं असतं. भरतीआधी ही वही तपासून घ्यावी लागते. आपल्याकडे नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव आणि अहिल्यानगर या पाच जिल्ह्यांच्या कार्यालयांच्या वह्या नाशिकरोडला विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाकडे येतात. तिथला शिक्का बसल्याशिवाय मागणीपत्र पुढे सरकत नाही. जाहिरातीला उशीर होण्याची बरीच कारणं या वहीत दडलेली असतात.

इथेच पहिला गैरसमज होतो. ‘वीस जागांची भरती आणि आमच्या प्रवर्गाला शून्य? हा अन्याय आहे,’ असं सांगत रडवेली झालेली मुलं मी पाहिली आहेत. महाराष्ट्रात राज्यस्तरावर अनुसूचित जातींना १३ टक्के, अनुसूचित जमातींना ७, विमुक्त जाती अ ला ३, भटक्या जमाती ब ला २.५, क ला ३.५, ड ला २, विशेष मागास प्रवर्गाला २, इतर मागासवर्गाला १९ टक्के आरक्षण आहे. शिवाय आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना १० टक्के आणि २०२४ च्या कायद्याने सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गाला १० टक्के. पण ही टक्केवारी रिकाम्या जागांवर लावत नाहीत. ती संवर्गातल्या एकूण पदांवर लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आर. के. सभरवाल खटल्यात हा नियम पक्का केला. शंभर पदांच्या संवर्गात अनुसूचित जातीची तेरा माणसं आधीच कामावर असतील, तर या वीस जागांमध्ये त्या प्रवर्गाला जागा निघणार नाही. दोनच असतील, तर एकदम अकरा निघतील. जाहिरातीतला आकडा विचित्र वाटला तर आधी एवढं मनाशी तपासा. त्यातूनही शंका राहिली, तर बिंदुनामावली माहितीच्या अधिकारात मागता येते.

आता यादीकडे येऊ. मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं आहे, त्यामुळे जरा कागद-पेन घेऊन बसा.

जाहिरातीतल्या तक्त्यात आडव्या ओळीत प्रवर्ग असतात आणि प्रत्येक प्रवर्गाखाली पुन्हा फोड असते : सर्वसाधारण, महिला, खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, अंशकालीन, अनाथ, दिव्यांग. यातला ‘सर्वसाधारण’ हा शब्द फार घात करतो. तो वाचून मुलं समजतात की ही ओपनची जागा. तसं नाही. ‘इमाव – सर्वसाधारण’ म्हणजे इतर मागासवर्गाची अशी जागा, जिच्यावर महिला किंवा खेळाडू अशी आणखी अट नाही. जातीच्या किंवा आर्थिक गटाच्या आरक्षणाला उभं म्हणतात, महिला-खेळाडूंच्या आरक्षणाला समांतर. उभं आरक्षण रांगा वेगळ्या करतं. समांतर आरक्षण प्रत्येक रांगेच्या आत काम करतं.

उदाहरण घेऊ. अराखीव, म्हणजे खुल्या, दहा जागा आहेत. महिलांना ३० टक्के, म्हणून त्यातल्या तीन महिलांच्या. सगळ्या उमेदवारांची, जात न पाहता, मार्कांप्रमाणे एकच यादी लावली. पहिल्या दहांत नऊ मुलगे आणि एक मुलगी आली, समजा पाचव्या क्रमांकावर. त्या दहांत तिघं इतर मागासवर्गातले आहेत, एक आदिवासी आहे. ते चौघं कुठल्या जागेवर मोजायचे? खुल्या. कारण खुली जागा ही कोणा एका गटाची नसते, ती मार्कांवर सगळ्यांना खुली असते. चौघांनी आपापल्या प्रवर्गातली जागा वापरलेलीच नाही, ती मागच्यांसाठी शिल्लक राहिली.

पुढची पायरी. तीन महिला हव्यात, आहे एक. मग नवव्या आणि दहाव्या क्रमांकावरचे मुलगे यादीतून बाजूला होतात आणि खाली येत येत ज्या पुढच्या दोन मुली सापडतील, समजा चौदाव्या आणि सतराव्या क्रमांकावरच्या, त्या वर येतात. आठव्या क्रमांकाचे मार्क हा झाला खुला-सर्वसाधारणचा कटऑफ, सतराव्या क्रमांकाचे मार्क हा खुला-महिलांचा. बाजूला झालेला दहाव्या क्रमांकाचा मुलगा इतर मागासवर्गातला असेल, तर तो घरी जात नाही, त्या प्रवर्गाच्या रांगेत अगदी पुढे जाऊन उभा राहतो. आणि पहिल्या दहांत मुळातच चार मुली असत्या, तर? कोणीही हललं नसतं. महिलांच्या तीन जागा त्या दहांतल्याच असतात, दहांव्यतिरिक्त जादा नसतात.

सतराव्या क्रमांकाची ती मुलगी मागास प्रवर्गातली असेल तर तिला खुल्या महिलेची जागा मिळते का? यावर आपल्या राज्यात बरीच वर्षं गोंधळ होता. कितीतरी मुलींना ‘तू तुझ्या प्रवर्गात जा’ म्हणून सांगितलं गेलं. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सौरव यादव खटल्यात स्पष्ट केलं की मार्क असतील तर मिळते. खुल्या महिलेची जागा कोणत्याही प्रवर्गातल्या महिलेची असू शकते. हा निकाल माझ्या दृष्टीने फार मोठा आहे आणि सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यातल्या मुलीला तो माहीत असायलाच हवा.

एक अट मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. खुल्यासाठी साधारण ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ अशी वयाची मर्यादा असते. वयाची सवलत घेऊन अर्ज केलेल्याचा खुल्या जागेवर विचार होणार की नाही, हे जाहिरातीतच लिहिलेलं असतं. तुमचा कटऑफ कोणता, याचं उत्तर कधीकधी त्या एका ओळीत असतं.

ही सगळी मोजणी कोणालाही हाताने करता येते. गुणवत्ता यादी प्रसिद्ध होते तेव्हा त्यात मार्क, प्रवर्ग, स्त्री-पुरुष सगळं असतं. मी अनेकांना वहीच्या पानावर ती करायला लावली आहे. ज्याला ती एकदा जमली, त्याला ‘साहेबांशी बोलून यादीत बसवतो, चार लाख दे’ असं सांगणाऱ्याला लगेच विचारता येतं, कुठल्या रांगेत आणि कोणाला काढून बसवणार? शेत गहाण ठेवून असे पैसे दिलेले बाप मी पाहिले आहेत, आणि ते आठवलं की आजही जिवाला लागतं.

दारं दोन आहेत. एक महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचं. आयोगाला संविधानाचा आधार आहे, राज्यसेवा आणि गट ब, गट क च्या संयुक्त परीक्षा तो घेतो. राज्यसेवेची पूर्व परीक्षा ही केवळ चाळणी असते, तिचे मार्क अंतिम यादीत धरत नाहीत. तिचा दुसरा पेपर फक्त ३३ टक्क्यांनी पास व्हायचा असतो. चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापला जातो. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली : नऊ पेपर, १७५० गुण, त्यावर २७५ गुणांची मुलाखत. दुसरं दार सरळसेवेचं, म्हणजे तलाठी, जिल्हा परिषदेची पदं आणि अशाच इतर. तिथे मुलाखत नाही, संगणकावरच्या एका परीक्षेवर सगळं ठरतं. पोलीस शिपायाची पद्धत आणखी वेगळी. आधी ५० गुणांची मैदानी, मग एका जागेमागे दहा जण या हिशेबाने १०० गुणांची लेखी. आणि नाशिक शहर व नाशिक ग्रामीण हे दोन स्वतंत्र घटक आहेत, दोघांच्या जागा वेगळ्या, कटऑफही वेगळे. पहाटे गोल्फ क्लब मैदानावर एकाच ट्रॅकवर धावणारी दोन मुलं म्हणूनच वेगवेगळ्या याद्यांत असू शकतात.

जिल्ह्याची निवड हा सरळसेवेतला मोठा निर्णय. २०२३ च्या तलाठी भरतीत ४६४४ जागा होत्या, १० लाखांहून जास्त अर्ज आले आणि उमेदवाराला एकाच जिल्ह्यात अर्ज करता येत होता. शेजारच्या धुळ्यात अर्ज केला असता तर निवड झाली असती, असं निकालानंतर कळून उपयोग नसतो. जागांच्या तक्त्यात आपल्या प्रवर्गाच्या, आपल्या समांतर गटाच्या किती जागा कोणत्या जिल्ह्यात आहेत, हे फॉर्म भरण्याआधी पाहायला हवं. जागा जास्त तिथे गर्दीही जास्त, हेही खरं, त्यामुळे यात खात्रीचं गणित नाही.

त्याच तलाठी भरतीत २०० पैकी २१४ गुण मिळाल्याची बातमी आली आणि राज्यभर संताप झाला. पैकीपेक्षा जास्त मार्क? साहजिकच लोकांना घोटाळा वाटला. संताप मी समजू शकते, पण हा आकडा कुठून येतो ते समजून घ्या. लाखो मुलांची परीक्षा एका दिवशी संगणकावर होत नाही, ती अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. मैदानीचं उदाहरण घ्या. एक तुकडी कोरड्या मैदानावर धावली, दुसरी पावसाने चिखल झाल्यावर. दोघांची वेळ जशीच्या तशी एकमेकांशेजारी लावली, तर चिखलात धावलेल्यांवर अन्याय होईल. म्हणून त्या तुकडीतले सगळेच किती हळू झाले, वरचे धावपटू कुठे आले, सरासरी किती पडली, हे पाहून वेळा एका पट्टीवर आणाव्या लागतात. प्रश्नपत्रिकांच्या बाबतीत याला सामान्यीकरण म्हणतात. अवघड सत्रात मूळचेच भरपूर मार्क मिळवणाऱ्याचा आकडा या हिशेबात वर सरकतो आणि क्वचित २०० च्या पलीकडे जातो. त्यामुळे २१४ हा आकडा एकटाच घोटाळ्याचा पुरावा होत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. सूत्र जाहिरातीसोबत, आकड्यांच्या उदाहरणासह, मराठीत समजावून द्यायला हवं. दहा लाख मुलांनी निकालानंतर बातमीतून ते का शिकावं?

उमेदवाराच्या हातात इथे एकच गोष्ट असते. परीक्षेनंतर उत्तरतालिका आणि तुमची स्वतःची उत्तरं दिसतात, आणि चुकीच्या उत्तरावर मुदतीत, शुल्क भरून, पुराव्यासह हरकत घेता येते. ती मुदत थोड्या दिवसांची असते. कटऑफजवळ एकेका मार्काला शेकडो मुलं अडकलेली असतात, तेव्हा एक प्रश्न दुरुस्त होण्यानेही यादी हलते.

मार्क सारखेच पडले तर? नियम ठरलेला आहे. सरळसेवेत समान गुण असलेल्यांमध्ये पहिलं प्राधान्य आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पाल्याला आहे, मग वयाने मोठ्याला, मग पुढचे निकष. निफाड, चांदवडकडच्या काही घरांसाठी ही ओळ किती जड आहे, ते मी वेगळं सांगायला नको. पण हक्क आहे, आणि फॉर्ममध्ये त्या रकान्यात ‘होय’ लिहिलं तरच तो मिळतो.

आता डीव्हीच्या टेबलाकडे.

सिन्नर तालुक्यातली एक मुलगी माझ्यासमोर बसली होती. भटक्या जमाती ड मधून निवड, मार्क चांगले. तिच्या फायलीत नॉन-क्रिमिलेअरची, म्हणजे घर उन्नत गटात मोडत नसल्याची, दोन प्रमाणपत्रं होती. एकाची मुदत ३१ मार्चला संपलेली, दुसरं सप्टेंबरमध्ये काढलेलं. अर्जाची शेवटची तारीख होती जुलैमध्ये. नेमके तेच दिवस कोणत्याच प्रमाणपत्रात बसत नव्हते. तिने नवीन काढायला दिलं होतं, दाखले देणाऱ्या सेतू केंद्रात ‘नंतर या’ म्हणाले, अभ्यासात राहून गेलं. वडील बाहेर पायरीवर बसले होते. नियम दाखवून तिला परत पाठवण्याचं काम माझ्याकडे आलं, आणि त्या दिवसापासून मी भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत आले : जाहिरातीतली ‘अंतिम दिनांक’ ही फॉर्म भरण्यापुरती तारीख समजू नका. पदवी, जात, नॉन-क्रिमिलेअर, खेळाचं प्रमाणपत्र, सगळं त्या तारखेच्या पट्टीवर मोजलं जातं. प्रत्येक कागदाची तारीख तिच्याशी ताडून पाहा.

नॉन-क्रिमिलेअर अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही, बाकी मागास प्रवर्गांना लागतं. खुल्या प्रवर्गातल्या महिलांना महिला आरक्षणासाठी ते पूर्वी लागायचं, मे २०२३ च्या शासन निर्णयाने ती अट गेली. वार्षिक उत्पन्नाच्या ८ लाखांच्या मर्यादेवरून द्राक्षबागायतदारांच्या घरात नेहमी घोळ होतो. नॉन-क्रिमिलेअरच्या उत्पन्नाच्या कसोटीत आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत (जमिनीच्या क्षेत्राची आणि वडिलांच्या पदाची कसोटी वेगळी). ईडब्ल्यूएसच्या, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या, प्रमाणपत्रातही ८ लाखच लिहिलेले असतात, पण तिथे शेती, पगार, धंदा सगळं धरतात. आकडा एक, हिशेब दोन. आणि केंद्राच्या नोकरीसाठी, म्हणजे नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेससारख्या ठिकाणी, ओबीसी प्रमाणपत्राचा नमुना राज्यापेक्षा वेगळा लागतो.

जात वैधतेला, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचं समितीचं प्रमाणपत्र मिळायला, वेळ लागतो, निवड झाल्यावर धावपळ करू नका. आदिवासी उमेदवारांच्या दाखल्यांची तपासणी वेगळ्या समितीकडे होते, बाकीच्यांची जिल्हा समितीकडे. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत मागे जावं लागतं आणि जुन्या शाळेत रजिस्टर शोधायला कोणी बसलेलं नसतं. लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्रही असतं : २८ मार्च २००६ नंतरच्या अपत्यामुळे हयात अपत्यांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली, तर उमेदवार अपात्र ठरतो. तिशी ओलांडलेल्या विवाहित उमेदवारांनी हे आधी वाचावं.

नाशिक जिल्ह्यात आणखी एक गोष्ट येते, ती पेसाची, म्हणजे आदिवासी क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याची. पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके आणि दिंडोरी, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, बागलाणमधली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. राज्यपालांच्या अधिसूचनेने तिथली तलाठी, शिक्षक, आरोग्यसेवक यांसारखी काही पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी ठेवलेली आहेत. त्यांचा वाद न्यायालयात गेला, भरती अडकली, २०२४ मध्ये नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर मोठं आंदोलन झालं आणि सरकारने मानधनावर नेमणुका देण्याचा मार्ग काढला. जाहिरातीत ‘पेसा’ आणि ‘बिगर पेसा’ असे दोन तक्ते दिसले तर आपण कोणत्या तक्त्यातले, हे तळटीप वाचूनच ठरवा.

शेवटी प्रतीक्षा यादी. एकच हुशार मुलगी तीन भरत्यांत निवडली जाते आणि दोन जागा सोडते. आयोगाने यासाठी ‘ऑप्टिंग आउट’ ठेवलं आहे : तात्पुरत्या यादीनंतर नको असलेल्या पदातून मुदतीत बाहेर पडता येतं, म्हणजे खालचा उमेदवार अंतिम यादीतच वर येतो. सरळसेवेत हे काम प्रतीक्षा यादी करते. ती साधारण वर्षभर चालते आणि त्या वर्षात कधीही तुमचा नंबर लागू शकतो. कळवतात ते अर्जात दिलेल्या मोबाइलवर आणि ईमेलवर. एका मुलाला आम्ही असंच कळवलं होतं. उत्तर आलं नाही, मुदत संपली, पुढच्याला बोलावलं. पाच महिन्यांनी तो चौकशीला आला तेव्हा कळलं की फॉर्म सीबीएस बसस्थानकाजवळच्या एका सायबर कॅफेत भरला होता, आणि ईमेल कॅफेवाल्याचा होता. तुमच्या चालू अर्जांवर कोणाचा ईमेल आहे, ते आज रात्री लॉगइन करून पाहून घ्या.